कारणाचा रकाना

गोळीबार चौकाच्या मागे आमची शाळा,
महापालिकेची. पाचवीचा वर्ग, पटावर चाळीस.
जानेवारीत मस्तराला एक नवा रकाना आला,
कारण.
आधी नुसती फुली मारायची.
फुलीला कोणी काही विचारत नसे.

आता रोज अकराच्या आत
झोनच्या आरोग्य विभागात फोन.
तिकडे एक मुलगी असते, शबिस्ता नावाची,
मी तिला पाहिलेलं नाही.
"मॅडम, किती?"
"नऊ."
"त्यात ताप-खोकला?"
"सहा."
मागे तिच्या कीबोर्डचा आवाज,
ओला हरभरा सोलावा तसा.

मग ती सांगते, काल पाचपावलीच्या दोन शाळा,
आज तुमची, उद्या बहुधा तांडापेठ.
एखादी पाव्हणी
रोज नव्या घरी जेवायला जाते तशी.
दवाखान्यात रांग लागायला अजून चार दिवस होते.
डॉक्टरांच्या आधी
बाकांवरच्या रिकाम्या जागांना कळलं होतं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षं लिहिलेला खाडा
कोणाच्या तरी कामी आला.
नाहीतर मस्तर वर्षअखेर कपाटात,
किल्ली तुकडोभाऊंकडे,
आणि तुकडोभाऊ रजेवर.

पण कारण लिहायचं तर विचारावं लागतं.
मोक्षदा हेडाऊ?
"तिले थंडी वाजून ताप येते, मॅडम."
निनाद?
"त्यालेही. त्याचे आजोबा तर रातभर कण्हून राह्यले."
धनेश सोरते?
कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून,
"तो कळमन्याले जाते, संत्रे निवडाले.
ताप नाही त्याले."

दिवाळीपासून जातो म्हणे.
दिवाळीपासून त्याच्या नावापुढे
माझ्याच हातच्या फुल्या,
लुगड्याच्या किनारीसारख्या सलग,
आणि मला वाटत होतं, येईल.

शबिस्ताला म्हटलं, एकाला ताप नाही, संत्री आहेत.
ती थांबली. कीबोर्डही.
"मॅडम, त्याला 'इतर'मध्ये टाकते."

बुधवारी खिचडीसोबत अंडं असतं.
बुधवारी हजेरी सुधारते.
"आलेख उतरला वाटतं," शबिस्ता खूश.
मी मंथन निपानेच्या कपाळाला हात लावला होता.
तवा.
"घरी का नाही राह्यलास रे?"
त्यानं ताटली छातीशी धरली.
खोकला गिळत, डोळे लालभडक,
हजर.

याला काय लिहू?
हजर, हे खरं.
आजारी, तेही खरं.
मस्तराच्या चौकटीत एकच अक्षर मावतं.

त्याला खिडकीपाशी वेगळं बसवलं.
आधी अंडं दिलं, मग आईला निरोप.
'ह' लिहिला
आणि 'ह'च्या पोटात पेन्सिलीनं एक टिंब.

दुसऱ्या दिवशी फोनवर तेच,
"मॅडम, किती?"
"तीन. आणि कालचं एक टिंब."
"टिंब?"
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
नुसता पंखा, नाहीतर तिचा श्वास.
मग म्हणाली,
"बाकीच्या शाळांनाही विचारू का? टिंबं?"

पुढच्या बुधवारी तिच्याकडे एकशे अकरा झाली.
उतरलेला आलेख तिनं पुन्हा चढवला,
साहेब रागावले असतील, ती बोलली नाही.
मंथन आता बरा आहे. खोड्या करतो.

धनेशची किनार अजून तुटलेली नाही.
आंबिया बहार संपत आला,
मृगाचा माल यायला महिना आहे.
कळमन्याला कुठल्या गेटनं जायचं,
पोरांना विचारून ठेवलंय.